कॉलेज फुटबॉलची भरती: छोटी गावं की दाट वस्तीची शहरं?

प्रश्न असा आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एक विद्यापीठ आहे, संघ पहिल्या विभागातला (डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाची सर्वांत वरची पातळी) पण मधल्या फळीतला. दरवर्षी शाळांमधून साधारण वीस मुलं घ्यायची असतात. तर या संघाच्या कोचमंडळींनी ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा, मायामी अशा दाट वस्तीच्या भागात वेळ आणि पैसा घालावा, की आपल्या आणि शेजारच्या राज्यांतली छोटी गावं धुंडाळावीत? (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, कोल्हापूरचा किंवा मडगावचा नाही.)

उत्तर आधी देतो. सर्वाधिक खेळाडू दाट वस्तीतूनच येणार, त्याला इलाज नाही. पण आपल्या गावापासून तीन-चार तासांच्या गाडीच्या अंतरात जी छोटी गावं असतील, त्यातलं एकही सोडू नये. आणि त्या वर्तुळाबाहेरच्या छोट्या गावांच्या नादी शक्यतो लागू नये. गुणवत्ता दोन्हीकडे आहे. शहरातल्या मुलाबद्दल जे कळायला हवं ते दहा जणांना आधीच कळलेलं असतं आणि त्याचा भाव ठरलेला असतो. गावातल्या मुलाबद्दल ते तुम्हाला स्वतः शोधून काढावं लागतं, आणि एका भेटीत ते कळत नाही. तीनदा-चारदा जाता येईल अशाच ठिकाणी हा उद्योग परवडतो.

नुसती लोकसंख्या बघून नकाशावर टाचण्या टोचणं ही पहिली चूक. न्यूयॉर्क शहराची वस्ती ८० लाखांच्या वर, पण तिथून वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलला मिळणारी मुलं ह्यूस्टन परिसराच्या मानाने फारच थोडी. जागा नाही, मैदानं नाहीत, आणि शाळेच्या फुटबॉलला टेक्ससमध्ये असतो तसा मान नाही. उलट फ्लोरिडात ओकिचोबी तळ्याच्या काठी ऊसशेतीतली पहोकी आणि बेल ग्लेड ही दोन छोटी गावं घ्या. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेले दोघे: ॲन्क्वान बोल्डिन पहोकीचा, फ्रेड टेलर बेल ग्लेडचा. पेनसिल्व्हेनियातलं एकेकाळचं पोलाद कारखान्याचं गाव ॲलिक्विप्पा: माइक डिटका, टाय लॉ, डॅरेल रेव्हिस हे एनएफएलचे तिघेही तिथले. ही गावं छोटी असली तरी लपलेली नाहीत. पहोकीच्या मैदानावर शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्याला कोण कोण आलंय ते बघितलंत तर अर्ध्या देशातल्या विद्यापीठांचे टी-शर्ट दिसतील. म्हणून ‘छोटं गाव’ म्हणताना दक्षिणेतलं फुटबॉलवेडं गाव आणि कॅन्ससच्या पश्चिमेतलं गहू पिकवणारं गाव एकाच खान्यात टाकू नका. पहिल्यात तुम्हाला शहराइतकीच स्पर्धा आहे. माझं पुढचं बोलणं मुख्यतः दुसऱ्या जातीच्या गावांबद्दल आहे.

शहरांतही सरसकट नियम नाही. डॅलसच्या उत्तरेला ॲलन आणि फ्रिस्को ही उपनगरं शेजारी-शेजारी. बऱ्याच मराठी कुटुंबांना ती ठाऊक असतील. ॲलनमध्ये सगळ्या गावाची मिळून एकच मोठी शाळा, पाच हजारांच्या घरात विद्यार्थी, आणि २०१२ साली सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं १८ हजार आसनांचं स्टेडियम. फ्रिस्कोने मुद्दाम शाळा मध्यम आकाराच्या ठेवल्या, त्यामुळे तिथे एक डझन हायस्कुलं. म्हणजे ॲलनमध्ये क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) एकच आणि फ्रिस्कोत बारा. ॲलनमध्ये दुसऱ्या फळीत बसलेला मुलगा फ्रिस्कोतल्या एखाद्या शाळेत सुरुवातीपासून खेळला असता. भरतीला निघालेल्या माणसाला हे माहीत पाहिजे, आणि मुलाला खेळवायचं म्हणून घर शोधणाऱ्या आईवडिलांनाही.

आता प्रवासाचं गणित. मे महिन्यात शाळांचे वसंत ऋतूतले सराव चालू असतात तेव्हा अटलांटाच्या ग्विनेट काउंटीत एक सहायक कोच दिवसाला पाच-सहा शाळा आरामात करतो. नेब्रास्काच्या पश्चिमेत दिवसाला दोन झाल्या तरी नशीब, आणि तिथे बहुतेक ठिकाणी वसंतात फुटबॉलचा सराव नसतोच, पोरं धावण्याच्या किंवा गोळाफेकीच्या स्पर्धांत असतात. ही अडचण वाटते, पण ती संधी आहे. ती कशी ते पुढे येईल. शाळांना भेटी देण्याच्या दिवसांवर मर्यादा असते, म्हणून गावांची पहिली चाळणी फोनवर करावी लागते. शहराचा भाग सांभाळणाऱ्या कोचला तीस-चाळीस शाळांशी घट्ट संबंध पुरतात. गावांचा भाग सांभाळणाऱ्याने शंभर शाळांच्या कोचना वर्षातून किमान दोनदा फोन केला पाहिजे, आणि तोच माणूस त्या भागावर चार-पाच वर्षं टिकला पाहिजे. गावातला कोच बहुधा गणित किंवा इतिहास शिकवतो, तीस वर्षं तिथेच असतो, आणि दर वर्षी नवा चेहरा पाठवणाऱ्या विद्यापीठाला तो फार तर नम्रपणे वाटेला लावतो.

फोनवर काय विचारायचं? “तुमचा सर्वोत्तम खेळाडू कोण?” हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर फुगवलेलं असतं. “यंदा तुमच्याविरुद्ध खेळलेला सर्वांत त्रासदायक मुलगा कोण?” असं विचारा. प्रतिस्पर्ध्याचं कौतुक कोणी उगाच करत नाही. एकाच मुलाचं नाव तीन वेगवेगळ्या शाळांकडून आलं की गाडी काढायची.

मग फिल्म. हडल ही कंपनी २००६ साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात सुरू झाली, आणि आज अगदी छोट्या शाळेच्या सामन्याचं चित्रण तिच्यावर असतं. त्यामुळे “कोणाला माहीतच नव्हता” असा खेळाडू आता क्वचितच मिळतो. पण फिल्म हाताशी असणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं. निवडक क्षणांची चार मिनिटांची चित्रफीत मुलाने स्वतः जोडलेली असते, ती फक्त पुढे बघायचं की नाही ते ठरवण्यापुरती. त्यानंतर सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा पूर्ण सामना मागवा, आणि शक्य तर हरलेला मागवा.

तो बघताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. छोट्या शाळेचा चांगला खेळाडू आक्रमणात, बचावात आणि किकच्या वेळीही मैदानात असतो. एका सामन्यात शंभराच्या वर डाव (चेंडू सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल म्हणजे एक डाव) खेळतो. चौथ्या क्वार्टरमध्ये तो चेंडूमागे पळत नसेल तर लगेच आळशी म्हणू नका, पहिल्या क्वार्टरमध्ये पळत होता का ते बघा. मोठ्या शाळेतला मुलगा फक्त बचावात खेळतो, दर दोन-तीन डावांनी बाहेर बसतो. त्याने ढिलाई केली तर ती खरी ढिलाई. आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर मुलगा काय करतो ते दोघांच्याही बाबतीत बघा, कारण तिथे कोणी बघत नाही असं त्याला वाटत असतं.

सहा आणि आठ जणांचा खेळ हे तर वेगळंच प्रकरण आहे. १९३४ साली नेब्रास्कातल्या हेब्रनला स्टीफन एप्लर यांनी छोट्या शाळांसाठी सहा जणांचा फुटबॉल काढला. टेक्ससमध्ये आजही ज्या शाळेत साधारण शंभर किंवा त्याहून कमी विद्यार्थी आहेत तिथे तो खेळला जातो. मैदान ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद, चेंडू आपल्याकडे राखायला चार डावांत दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे जावं लागतं, सगळेच खेळाडू पास झेलू शकतात, आणि दुसऱ्या अर्धात ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. अशा ठिकाणच्या आकड्यांना काडीचा अर्थ नाही. एका मोसमात तीन हजार यार्ड पळालेला मुलगा कॉलेजात लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या रांगेमागचा खेळाडू) म्हणून उभा राहील की नाही हे त्या तीन हजारांवरून कळत नाही. आठ जणांच्या खेळात लाइनवर, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या रांगेत, टॅकल नावाची कडेची जागाच बहुधा नसते, त्यामुळे लाइनमनचं तंत्र फिल्मवर दिसतच नाही. दिसते ती मोकळ्या जागेतली हालचाल: दिशा बदलताना कंबर किती खाली जाते, समोरच्याला पाडताना पाय थांबतात का, समोरच्याचा अंदाज चुकल्यावर किती पावलांत सावरतो. लेटन व्हँडर एश आयडाहोतल्या रिगिन्सचा. जेमतेम चारशे वस्तीचं गाव, आठ जणांचा खेळ. बॉइझी स्टेटमध्ये तो स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला आणि २०१८ साली एनएफएलच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) डॅलस काउबॉइज संघाने त्याला पहिल्या फेरीत एकोणिसाव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या शाळेच्या फिल्ममध्ये उपयोगाचं होतं ते हेच, मोकळ्या मैदानात सहा फूट चार इंचांचं शरीर कसं वळतं.

प्रतिस्पर्धी कच्चे असले की फिल्म खोटं बोलते. म्हणून दुसऱ्या खेळांचे आकडे हवेत, आणि गावाची खरी संधी इथेच आहे: तिथली मुलं तीन-तीन खेळ खेळतात. राज्य पातळीच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत १०० मीटरची वेळ यंत्राने घेतलेली असते, ती शहरातल्या मुलाच्या वेळेशी थेट लावून बघता येते. स्टॉपवॉचवर घेतलेली असेल तर ०.२४ सेकंद मिळवा, आणि वारा मागून सेकंदाला दोन मीटरच्या वर असेल तर ती वेळ सोडून द्या. शाळेच्या कोचने सांगितलेली ४० यार्डांची वेळ कधीही लिहून घेऊ नका. देशातल्या प्रत्येक गावात ४.५ सेकंदांत पळणारा एक मुलगा असतो आणि त्यातले बहुतेक ४.७५ चे निघतात. लाइनमनसाठी गोळाफेक बघा. शाळेचा गोळा १२ पौंडांचा असतो. सव्वासहा फुटी मुलगा तो ५० फुटांच्या पुढे टाकत असेल तर त्याच्या कमरेत आणि मांड्यांत स्फोटक ताकद आहे, मग त्याचा संघ दर शुक्रवारी कितीही वाईट हरो. कुस्तीतला जड वजनगट याहून चांगला पुरावा, कारण तिथे तोल, पकड आणि दमसास तिन्ही उघडे पडतात. बास्केटबॉलचा एखादा सामना जरूर बघा: अडीचशे पौंडांचा मुलगा पाय सरकवत बचाव करतो की नुसता उभा राहतो?

पुढे शरीर. जूनमधल्या एक दिवसाच्या शिबिराला मुलाला आपल्या कॅम्पसवर बोलवा आणि सगळं स्वतः मोजा. बूट काढून उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. कार्यक्रमपत्रिकेतली सहा फूट तीन इंच उंची मोजपट्टीवर सहा फूट सव्वा इंच निघते, हे रोजचंच. टॅकलच्या जागेसाठी हात ३३ इंचांहून आखूड असेल तर त्याला गार्ड (लाइनवरची आतली जागा) समजा आणि त्या हिशेबाने स्कॉलरशिपची ऑफर द्या. तालमीत आलेल्या नव्या पोराचं वस्ताद जसं मनगट आणि मान बघतो, वजन नंतर विचारतो, तसंच इथे. सहा फूट पाच इंच उंच, २०५ पौंड वजन, शाळेत धड वजनं उचलायची खोली नाही, बेंच प्रेस बेताचा: हा मुलगा शिष्यवृत्तीच्या लायकीचा, कारण त्याच्यावर अजून कामच झालेलं नाही. याच्या उलट, वयाच्या बाराव्या वर्षापासून खासगी ट्रेनरकडे जाणारा उपनगरातला मुलगा आज अधिक बलवान दिसेल, पण त्याच्यात भर घालायला कमी जागा उरलेली असते. आईवडिलांची आणि मोठ्या भावांची उंची विचारायला लाजू नका. जन्मतारीखही बघा, वर्षभर मागे ठेवलेला मुलगा आपल्या वर्गात थोराड दिसतो.

आणि इथेच गावातली सर्वांत महागडी फसगत होते. सतराव्या वर्षी पूर्ण वाढलेला, दाढीमिशा आलेला, २२० पौंडांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) शेतकऱ्यांच्या दीडशे पौंडी पोरांना दर आठवड्याला तुडवत असतो. गाव त्याला डोक्यावर घेतं, वर्तमानपत्रात फोटो येतात. त्याला कधी स्वतःएवढा माणूस समोर भेटलेलाच नसतो, त्यामुळे वजनाशिवाय दुसरं हत्यार त्याने शिकलेलं नसतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात त्याचं ते एक हत्यार बोथट होतं. म्हणून फिल्ममध्ये तो किती जणांना चिरडतो ते मोजण्यापेक्षा, बरोबरीचा माणूस समोर आल्यावर त्याचे पाय काय करतात ते बघा. असा एकही प्रसंग फिल्मवर नसेल तर शिबिरात तो घडवून आणा: शहरातला चांगला मुलगा त्याच्यासमोर उभा करा आणि दहा वेळा भिडवा. पहिल्या तीन भिडती तो हरला तर चिंता नाही. आठव्या भिडतीत काही बदललं का, एवढंच बघायचं.

दुसरा धोका कोचच्या डोक्यातला. शेतावर राबलेला पोरगा म्हणजे काटक, आज्ञाधारक, टिकाऊ, अशी एक गोड समजूत या धंद्यात पसरलेली आहे. शेतावर वाढून सरावाला उशिरा येणारे असतात, आणि ह्यूस्टनच्या गल्लीतून येऊन पहाटे पाचला वेटरूम उघडायला हजर असणारेही. गावावरून स्वभाव ठरवू नये. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना, बसचालकाला, कुस्तीच्या कोचला विचारावं. गावात हे तिघे मुलाला जन्मापासून ओळखतात. शहरात अशी माहिती काढायला खरोखर कष्ट पडतात.

शहरात अडचणी वेगळ्या जातीच्या. सर्वांत मोठी म्हणजे घोळक्यामागे पळणं. एका मोठ्या विद्यापीठाने ऑफर दिली की पुढच्या आठवडाभरात आणखी दहा ऑफर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्ण सामना बघितलेलाही नसतो. तोंडी ऑफर सही होईपर्यंत कोणालाच बांधत नाही, त्यामुळे ती देणं स्वस्त पडतं. मधल्या फळीतल्या संघाने अशा मुलाच्या मागे आठ महिने घालवायचे आणि शेवटी त्याने जॉर्जियासारख्या बड्या विद्यापीठाची टोपी घालून तिकडे जायचं, हे दरसाल होतं. दुसरं म्हणजे सात-विरुद्ध-सातचा उन्हाळी खेळ. त्यात लाइनमन नाहीत, पाडापाडी नाही, पॅड नाहीत. रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा) यांचे पाय आणि हात बघायला तो ठीक, बाकी कोणालाच नाही. तिसरं, मुलाभोवतीची माणसं. गावात शाळेचा कोच आणि आईवडील यांच्याशी बोललं की झालं. शहरात शाळेचा कोच, उन्हाळी संघाचा कोच, खासगी ट्रेनर, काका म्हणवणारा एक गृहस्थ, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावाचे पैसे घेता येऊ लागल्यावर एखादा एजंटही. निर्णय नक्की कोण घेतं हे पहिल्या महिन्यात कळलं नाही तर तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलत बसता. बहुतेक वेळा ती आजी किंवा आई निघते.

पण शहरातही मुलं लपतात, आणि याकडे फार थोडे लक्ष देतात. गावातला चांगला खेळाडू आपल्या संघात लपत नाही, तो बाहेरच्यांपासून लपतो. शहरातल्याचं नेमकं उलटं. ह्यूस्टनजवळच्या नॉर्थ शोर किंवा डॅलसजवळच्या डंकनव्हिलसारख्या शाळेत दुसऱ्या फळीत बसलेला अकरावीतला मुलगा निम्म्या राज्यात पहिल्या फळीत खेळला असता. म्हणून अशा शाळेत गेल्यावर सामन्याऐवजी सराव बघा. पहिल्या फळीच्या आक्रमणासमोर दर मंगळवारी उभा राहणारा राखीव बचावपटू कोण आहे, त्याचं नाव कोचला विचारा. मधल्या फळीतल्या संघासाठी शहरातला सर्वांत स्वस्त माल तिथे आहे. आणि उलट बाजूने, अशा शाळेच्या क्वार्टरबॅकचे आकडे बघून भुलू नका. त्याचे चार रिसीव्हर कॉलेजात जाणार असतात.

जागांनुसार बोलायचं तर कॉर्नरबॅक, रिसीव्हर आणि बचावाचे चपळ लाइनमन दाट वस्तीतून आणि दक्षिणेतून घ्या. कॉर्नरबॅकला दर आठवड्याला खऱ्या वेगासमोर तपासलेलं असलं पाहिजे, ते पश्चिम कॅन्ससमध्ये शक्य नाही. आक्रमणाची लाइन, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा), लाइनबॅकर यांच्यासाठी गावं उत्तम, कारण ही शरीरं उशिरा भरतात आणि या जागांवर मुलाला दुसऱ्या जागेवरून आणून बसवता येतं. गावातला क्वार्टरबॅक बहुधा त्या गावातला सर्वांत चांगला ॲथलीट असतो, एवढाच त्याचा अर्थ. कॉलेजात तो सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) किंवा टाइट एंड होतो. जॉर्डी नेल्सन कॅन्ससच्या रायलीचा, कॅन्सस स्टेटमध्ये स्कॉलरशिपशिवाय आला, बचावातून रिसीव्हरकडे वळवला गेला आणि २००८ साली दुसऱ्या फेरीत ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. क्वार्टरबॅकचा अपवाद अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे. जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉचा, शेतकरी कुटुंबातला. शाळेतून वरच्या पातळीची एकही ऑफर नाही, मग रीडली कॉलेज या दोन वर्षांच्या कॉलेजात एक मोसम, देशभरच्या कोचना पाठवलेले ईमेल, शेवटी वायोमिंग, आणि २०१८ च्या एनएफएल निवडीत सातवा. त्याच्या गोष्टीवरून धोरण आखू नका. पण दोन वर्षांच्या कॉलेजांच्या याद्या वाचायची सवय मात्र त्यावरून लावून घ्या.

ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं त्यांची उदाहरणं बघा. हॉवर्ड श्नेलनबर्गर १९७९ साली मायामी विद्यापीठात आले तेव्हा तिथला फुटबॉल संघच बंद पडायच्या बेतात होता. त्यांनी दक्षिण फ्लोरिडाभोवती रेघ आखली, तिला ‘मायामी राज्य’ म्हटलं, आणि आतली मुलं बाहेर जाऊ द्यायची नाहीत असं ठरवलं. १९८३ च्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपद. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांनी (१९७३ ते १९९७) दुसऱ्या टोकाने केलं. राज्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरं स्कॉलरशिपशिवाय यायची, तीन-तीन वर्षं वजनं उचलायची, आणि त्यातून लाइन उभी राहायची. पण १९९४ आणि १९९५ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनहून आणलेला होता. ताकद घरची आणि वेग बाहेरचा, अशी ती विभागणी. १९९७ चा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट मात्र नेब्रास्कातल्याच वुड रिव्हरचा, तोही स्टॅनफर्डहून परत आलेला.

ऑस्बर्न यांची ती पद्धत आज जशीच्या तशी चालणार नाही, आणि हे न ओळखणारे कोच अजून आहेत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, जी विद्यापीठं खेळाडूंना थेट महसुलातला वाटा देतात त्यांना फुटबॉल संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. पूर्वी ८५ स्कॉलरशिपा असायच्या आणि त्यावर बिनस्कॉलरशिपची मुलं हवी तेवढी. नेब्रास्कासारख्या ठिकाणी आकडा दीडशेच्या आसपास जायचा. तो वरचा कप्पा, जिथून नेल्सन आणि व्हँडर एश वर आले, तो आता आक्रसला आहे. शिवाय ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आलं आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो. म्हणजे गावातल्या कच्च्या मुलावर तुम्ही तीन वर्षं खर्च केलीत की चौथ्या वर्षी तो श्रीमंत संघ उचलणार. यावर पक्का उपाय नाही. पण दुसऱ्या वर्षात ज्याला मैदानावर थोडं तरी वापरता येईल, किकच्या संघात का होईना, असाच मुलगा घ्या. चार वर्षांनी पिकणारा घेऊ नका. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला त्याचे पैसे आपणहून वाढवा, तो मागेपर्यंत थांबू नका.

अभ्यासाच्या बाबतीत गावातली मुलं एका ठरावीक ठिकाणी अडकतात. पहिल्या विभागात खेळायला मान्यताप्राप्त १६ मूळ विषय लागतात, त्यात गुणांची सरासरी चारपैकी किमान २.३, आणि त्यातले १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पुरे झालेले असावे लागतात. त्या दहांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. शंभर मुलांच्या शाळेत विज्ञानाचा एखादा विषय एका वर्षाआड शिकवला जातो, किंवा शिक्षक सोडून गेले म्हणून ऑनलाइन केला जातो, आणि तो ऑनलाइन कोर्स मान्य यादीत नसतो. मुलगा हुशार, गुण चांगले, आणि तरी एक विषय कमी. म्हणून दहावी संपली की गुणपत्रक मागवा, शाळेच्या मान्य विषयांच्या यादीशी एकेक ओळ ताडून बघा. उन्हाळा हातात असताना चूक दिसली तर दुरुस्त होते, बारावीच्या डिसेंबरात होत नाही.

आता मूळ वीस जागा. मी त्यातल्या सहा-सात तीन-चार तासांच्या वर्तुळातल्या गावांना देईन, नऊ-दहा एकाच, फार तर दोन महानगरांना. दर वर्षी नवं शहर धरू नका. ज्या शहरातली दोन-तीन मुलं आधीच तुमच्याकडे आहेत तिथेच जा, कारण पुढच्या मुलाला घेऊन येणारी तीच असतात. एक-दोन जागा दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी. आणि दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवा. मुलांनी विद्यापीठाशी डिसेंबरातच सही करण्याची सोय २०१७ साली आली, २०२४ पासून ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकली, आणि जवळपास सगळे तेव्हाच उरकतात. टेक्ससच्या राज्य अंतिम लढती त्यानंतर होतात. कॅन्सस-नेब्रास्कातला मोसम नोव्हेंबरअखेर संपतो, आणि बारावीत तीन इंच वाढलेल्या, वीस पौंड भरलेल्या मुलाकडे नीट बघायला तोवर कोणाला वेळ नसतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावांचा भाग सांभाळणाऱ्या कोचने आपल्या शंभर शाळांना पुन्हा फोन लावावा, जानेवारीत बास्केटबॉलचे सामने बघावेत, आणि त्या दोन जागा फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी, सहीच्या पुढच्या संधीला, भराव्यात. कोणी पसंत पडलाच नाही तर जागा पोर्टलला जाईल, पण आधी फोन झालेले असू द्यावेत.